एक मैदान, दोन वैरी

फुटबॉलच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांनी एकच मैदान वापरावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचा वाटतो. मी इतिहासाचा शिक्षक. मला त्यात सामाईक विहिरीचा आणि बांधाचा प्रश्न दिसतो. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो : मैदान एकच असावे, मात्र त्या मैदानाचा धनी दोघांपैकी कोणीही असू नये.

धनी आपल्यातलाच असला की काय होते, ते इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराने पाहिले आहे. ॲनफिल्ड हे मैदान आज लिव्हरपूल क्लबचे म्हणून जगप्रसिद्ध आहे. पण १८८४ पासून १८९२ पर्यंत तिथे खेळत होता तो एव्हर्टन क्लब. जागेचे मालक जॉन हॉल्डिंग हेच क्लबचेही कर्तेधर्ते. भाड्यावरून वाद पेटला, एव्हर्टनने बिऱ्हाड हलवून बागेपलीकडे गुडिसन पार्कवर मांडले आणि ओस पडलेल्या मैदानासाठी हॉल्डिंगसाहेबांनी नवा क्लबच उभा केला. आधी मैदान, मग क्लब! तेव्हापासून तिथे दोन घरे झाली ती झालीच.

इटलीतल्या मिलान शहराची हकीकत मात्र निराळी आहे. तिथला मिलान क्लब १८९९ सालचा. परदेशी खेळाडू घ्यावेत की नाहीत यावरून १९०८ साली काही सभासद बाहेर पडले आणि त्यांनी ‘इंटरनॅशनल’ या अर्थाचे नाव घेऊन दुसरी चूल मांडली. तोच आजचा इंटर. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. पुढे मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी सान सिरो भागात स्टेडियम बांधवले. १९ सप्टेंबर १९२६ रोजी उद्घाटनाचा सामना या दोन भावांतच झाला आणि पाहुण्या इंटरने यजमानांना ६-३ असे हरवून वास्तुशांत साजरी केली. १९३५ साली हे स्टेडियम नगरपालिकेने विकत घेतले, आणि त्यानंतर, १९४७ साली, इंटर तिथे राहायला आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. इंटर मिलानच्या घरात आश्रित म्हणून आला नाही. दोघेही नगरपालिकेचे भाडेकरू झाले. १९८० साली या वास्तूला ज्युसेप्पे मेआत्सा यांचे नाव मिळाले. ते दोन्ही क्लबांकडून खेळले खरे, पण त्यांची कीर्ती इंटरची. म्हणून मिलानवाले आजही सान सिरो असेच म्हणतात. उत्तरेकडची बाजू इंटरच्या पाठीराख्यांची, दक्षिणेकडची मिलानच्या. यजमान कोणीही असो, त्यात बदल नाही.

तिथे भांडणे होत नाहीत असे नव्हे. १२ एप्रिल २००५ रोजी चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात इंटरच्या बाजूने जळत्या नळकांड्यांचा वर्षाव झाला, एक मिलानच्या गोलरक्षकाच्या, डिडाच्या, खांद्यावर आदळले आणि सामना थांबवावा लागला. शिक्षा झाली ती यजमान इंटरला : त्यांचे युरोपीय सामने काही काळ रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले गेले. त्याच स्टेडियममध्ये मिलानच्या सामन्यांना मात्र प्रेक्षकांना मज्जाव नव्हता. दोष जागेचा नव्हे, माणसांचा, हे इतक्या स्वच्छपणे कुठल्या न्यायालयातही क्वचितच सिद्ध होते.

आता आपल्या देशाकडे येऊ. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ सालचा. ईस्ट बेंगॉल जन्मला १९२० मध्ये, तोही रुसव्यातून. जोडाबागान क्लबाने एका खेळाडूला मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून वगळले, एवढे निमित्त. पण १९४७ च्या फाळणीने या वैराला वेगळेच वजन दिले. पूर्व बंगालातून उखडून आलेल्या लाखो निर्वासितांना या परक्या शहरात आपले म्हणावे असे काही हवे होते. ते त्यांना लाल-पिवळ्या सदऱ्यात सापडले. रेषा नकाशावर ओढली गेली की ती मैदानापर्यंत कशी पोचते, हे इथे दिसते. दोन्ही क्लबांचे तंबू मैदान भागात आहेत आणि ती जमीन लष्कराच्या ताब्यातली आहे, म्हणजे तिथेही धनी तिसराच.

परंतु नुसता तिसरा धनी असून भागत नाही. त्याने व्यवस्थाही ठेवावी लागते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर या दोघांचा लीग सामना झाला. दोन्हीकडचे प्रेक्षक एकाच सज्जात सरमिसळ बसले होते. मैदानावर दोन खेळाडूंची झटापट झाली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढले, त्याची ठिणगी सज्जात पडली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. कोलकात्यात त्या दिवशी आजही त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. १९८४ साली सॉल्ट लेकचे विशाल सरकारी स्टेडियम उभे राहिले, मोठे सामने तिकडे गेले, आणि १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ माणसे जमली. ईस्ट बेंगॉल ४-१ ने जिंकला; त्यांतले तीन गोल बायचुंग भुतियाचे. पुढे १८ ऑगस्ट २०२४ रोजी, रुग्णालयातील तरुण डॉक्टरच्या हत्येने शहर पेटले असताना, पोलीस बंदोबस्ताअभावी या दोघांचा ड्युरँड चषकाचा सामना रद्द झाला. तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे त्याच स्टेडियमबाहेर, एकमेकांचे झेंडे शेजारी धरून, न्याय मागायला उभे राहिले. जमायचे कुठे, हे कोणाला विचारावे लागले नाही.

आमच्या शाळेचे मैदानही नगरपालिकेचे आहे, आणि पलीकडची कन्नड माध्यमाची शाळाही तेच वापरते. वार वाटून घेतलेले आहेत. पावसाने एखादा वार बुडाला, की फक्की कोणाची आणि पाळी कोणाची यावरून दोन्हीकडच्या क्रीडाशिक्षकांत कुरबुर ठरलेली. पण कुंपण घालायचे आजवर कोणाच्या मनात आले नाही, कारण जमीन दोघांचीही नाही.

विरुद्ध बाजूचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो मी पोकळ मानत नाही. तूरिनमध्ये युव्हेंटस व तोरिनो यांनी अनेक वर्षे एकच मैदान वापरले. २०११ मध्ये युव्हेंटसने स्वतःचे बांधले आणि तिकिटापासून दुकानांपर्यंतची सारी मिळकत स्वतःच्या गल्ल्यात वळवली. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकतानाही परवानगी लागते.

या विचारानेच सान सिरोही पालटले. २०२५ च्या सप्टेंबर अखेरीस मिलानच्या नगरसभेने रात्रभर चर्चा करून विक्रीला मंजुरी दिली आणि नोव्हेंबरमध्ये १९ कोटी ७० लाख युरोंना इंटर व मिलान यांनी मिळून ते विकत घेतले. जुने स्टेडियम बव्हंशी पाडून शेजारी नवे, तेही सामाईकच, बांधण्याचा त्यांचा बेत आहे. म्हणजे ९० वर्षांनी तिसरा धनी उठून गेला आणि १९०८ साली वेगळे झालेले भाऊ एकाच उताऱ्यावर आले. आता छपराची गळती काढायची कोणी आणि गेटाची किल्ली ठेवायची कोणाकडे, हे त्यांना एकमेकांनाच विचारावे लागेल.