भास : उजेडाच्या घरातला शब्द

'भास' या शब्दाचे घराणे उजेडाचे. संस्कृत 'भास्' धातूचा अर्थ चमकणे. म्हणून सूर्य 'भास्कर'. जे चमकते ते दिसते, दिसते ते वाटते, अशी वाट चालत मराठीत 'भासणे' रुळले.

'भ्रम' मात्र दुसऱ्या कुळातला. त्याच्या धातूत फिरणे, भरकटणे आहे. भ्रमण आणि भोवरा त्याचे सोयरे. मानसोपचारात हा फरक मोलाचा ठरतो. घरात कुणी नसताना शेजाऱ्याचा आवाज ऐकू येणे हा भास. शेजारी जेवणात विष कालवतो, ही कोणत्याही पुराव्याने न हलणारी खात्री म्हणजे भ्रम. दोरी साप वाटणे हे या दोन्हींहून वेगळे: तिथे निदान दोरी तरी असते. भासात तीही नसते.

1760 साली जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांची हकिकत नोंदवली. मोतीबिंदूने नजर अधू झालेली, पण समोर माणसे, पक्षी, इमारती दिसायच्या. बुद्धी शाबूत होती. हे खरे नाही, हे आजोबांना पक्के ठाऊक होते. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदू कधी कधी स्वतःच चित्रे रंगवतो. भास म्हणजे वेडच, हा समज म्हणूनच चुकीचा आणि क्रूरही. त्यापायी कितीतरी वृद्ध गप्प राहतात.

स्किझोफ्रेनियात बहुधा आवाज येतात: टोमणे मारणारे, हुकूम सोडणारे. 'काही नाही, तुला भास होतोय,' असे घरचे समजावतात. रुग्ण दोन्ही कान घट्ट दाबून धरतो, तरी आवाज तेवढाच स्पष्ट येत राहतो.