पोटदुखी बेंबीकडून उजवीकडे सरकली? मग रात्र काढू नका

आपल्याकडे पोट दुखलं की पहिलं निदान घरातच होतं. 'वायू धरलाय', 'बेंबी सरकली', 'काल मासळी बाधली'. मग ओवा, एरंडेल, पोट चोळणं. बहुतेक वेळा पोट थांबतंही. पण अपेंडिक्स सुजलं असेल तर हाच वेळ महागात पडतो.

अपेंडिक्स म्हणजे काय?
मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, करंगळीएवढी एक नळी असते. मराठीत तिला आंत्रपुच्छ म्हणतात. कडक मळाचा खडा अडकून किंवा आतली गाठ सुजून तिचं तोंड बंद झालं की आत जंतू वाढतात, पू होतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर नळी फुटते आणि पू पोटभर पसरतो. फुटण्याची भीती पहिल्या दिवसानंतर वाढत जाते. 10 ते 30 वयात हा आजार जास्त दिसतो, पण कोणालाही होऊ शकतो.

मोठ्या माणसांत लक्षणं
दुखणं आधी बेंबीभोवती सुरू होतं, काही तासांत उजवीकडे खाली सरकतं आणि तिथेच ठाण मांडतं. भूक मरते, मळमळ किंवा उलटी होते, बारीक ताप येतो. खोकताना, चालताना, गाडी खड्ड्यात आदळताना कळ येते. सगळ्यांना अशीच लक्षणं दिसतील असं नाही. म्हाताऱ्या माणसांना दुखणं कमी जाणवतं. गरोदर बाईला ते वरच्या बाजूला जाणवू शकतं.

लहान मुलांत
पाच वर्षांखालचं मूल नेमकं कुठे दुखतंय ते सांगू शकत नाही. ते खात नाही, रडतं, पाय पोटाशी घेऊन पडून राहतं, पोटाला हात लावू देत नाही. जुलाबही होतात, त्यामुळे साधी हगवण वाटते. म्हणूनच मुलांत अपेंडिक्स फुटल्यावर कळण्याचं प्रमाण जास्त आहे. एरवी धावणारं पोर एका पायावर उडी मारायला तयार नसेल, तर ते मनावर घ्या.

निदान कसं करतात?
डॉक्टर पोट दाबून आणि हात सोडून बघतात. रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्यात का ते तपासतात. मुतखडा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, यासाठी लघवी तपासतात. मग सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन. बाईमाणसाची गर्भचाचणी आधी करतात, कारण नळीत राहिलेला गर्भही असाच दुखतो आणि तोही जिवावर बेततो. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असं समजू नका.

उपचार
सलाईन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन करून अपेंडिक्स काढणं हा मुख्य उपाय. दुर्बिणीतून केलं तर साधारण एक-दोन दिवसांत घरी सोडतात. ओझं उचलणं, जाळी ओढणं मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद. सूज साधी असेल, खडा नसेल तर काही जणांना नुसत्या औषधांनीही बरं वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागतं. हा निर्णय सर्जनचा, मेडिकल दुकानदाराचा नव्हे. फुटलं असेल तर पू काढणं, जास्त दिवस औषधं आणि जास्त दिवस दवाखाना.

काय करू नये?
एरंडेल, जुलाबाचं औषध, एनिमा देऊ नका. पोट चोळू नका, शेकू नका. डॉक्टर बघेपर्यंत खायला देऊ नका. गोळ्या खाऊन दुखणं अंगावर काढू नका. खूप दुखून अचानक आराम पडला, तर आनंद मानू नका. नळी फुटल्यावरही थोडा वेळ तसंच वाटतं. नंतर पोट फळीसारखं कडक होतं, ताप चढतो.

निघण्याआधी एक फोन
मुरूडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय सुमारे 50 किलोमीटर. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या लोकांना माणगाव जवळ पडतं. दिघी-आगरदांडा फेरीबोटीवर रात्री भरवसा ठेवू नका. त्यामुळे आधी फोन करून विचारा: सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी आत्ता आहे का? नसेल तर थेट पुढच्या ठिकाणी जा. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत घ्या आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

बोटीवर कोणाला असं दुखायला लागलं तर पुढची जाळी टाकू नका, बंदर गाठा. लावणीच्या दिवसांतही तेच. लावणी शेजारीपाजारी मिळून उरकतील, फुटलेलं अपेंडिक्स थांबणार नाही.