शाळेनं आपली वेळ बघावी



मागच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, वही लिहून झाली, आणि आमच्यातली एक जण उठता उठता म्हणाली, "ताई, या वयात मला कॉलेजात कोण घेणार?"

तिचं वय ३४. आठवीत असताना लग्न झालं. गटाचा हिशोब ती दहा वर्षं चोख ठेवते, बँकेतले साहेबसुद्धा तिच्या वहीत चूक काढू शकत नाहीत. गावात अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिचीच निवड होणार. पण बारावीचा कागद मागितला, आणि हिच्याजवळ सातवी पासचा दाखला. जागा गेली.

"कोण घेणार" याचं उत्तर आम्ही तिला त्याच दिवशी दिलं. पण घरी जाताना वाटलं, हा प्रश्न काही तिच्या एकटीचा नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसांमुळेच आपल्याकडे शिक्षणाची नवी नवी दारं उघडली. आजच्या भाषणात त्या दारांचा इतिहास सांगतो.

सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण १८५५ साली त्यांनी आणखी एक शाळा काढली, तिची आठवण कमी निघते. ती रात्रीची शाळा होती, शेतकरी आणि मजुरांसाठी. रात्रीचीच का? कारण दिवसा ही माणसं कामावर असत. दिवसाची शाळा कितीही चांगली असली तरी त्यांच्या उपयोगाची नव्हती. मजुराला "काम सोडून ये" असं न सांगता शाळाच त्याच्या वेळेला उघडली. आमच्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथं आहे.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. तिथलं शिक्षण इंग्रजीतून. ज्याला इंग्रजी शाळा मिळाली, शहरात राहायची सोय झाली, त्याच्यासाठी ते होतं. बायकांना तर त्याचं दार बराच काळ बंदच होतं. उघडल्यावरही घरातून सोडणारे किती?

धोंडो केशव कर्वे यांनी पुण्याजवळ हिंगण्याला विधवा बायकांसाठी काम सुरू केलं होतं. जपानमध्ये बायकांचं वेगळं विद्यापीठ आहे, अशी माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१६ साली त्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू केलं. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कर्व्यांनी एक मोठा बदल केला, तो म्हणजे शिकवायचं मातृभाषेतून. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच.

फुल्यांनी वेळ बदलली, कर्व्यांनी भाषा बदलली. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. मुंबईत पोट भरायला आलेली कितीतरी तरुण मुलं कचेरीत कारकुनी करत. शिकायची इच्छा होती, पण नोकरी सोडली तर घरी चूल पेटणार नाही. त्यांच्यासाठी कॉलेजचे वर्ग सकाळी भरू लागले. तास आटोपायचे आणि तिथूनच कामावर जायचं. सगळ्या जातीधर्मांची मुलं एका बाकावर बसत.

असं आपल्याकडेच झालं, असंही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १८४७ साली लोकांनी मतदान करून एक फुकट कॉलेज काढलं. गरिबांची मुलं तिथं शिकून मोठी झाली. पण प्रवेश गुणांवर होता. चांगल्या शाळेत गेलेल्याला गुण मिळत. शंभर-सव्वाशे वर्षांनी शहर बदललं, काळे लोक आणि पोर्तो रिको बेटावरून आलेले लोक वाढले, पण त्यांची मुलं त्या कॉलेजात फारशी दिसत नव्हती. १९६९ साली त्या विद्यार्थ्यांनी कॉलेजची फाटकं बंद करून आंदोलन केलं. १९७० पासून नियम झाला, की शहरातल्या शाळेतून जो पास होईल त्याला शहराच्या विद्यापीठात कुठं ना कुठं जागा मिळेल.

दार उघडल्यावर मात्र लक्षात आलं, की नुसता प्रवेश देऊन भागत नाही. अनेकांचं शाळेतलं वाचन-लेखन कच्चं राहिलं होतं, त्यांच्यासाठी पायाभूत वर्ग घ्यावे लागले. आणि १९७६ साली शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा फुकट शिक्षण बंद होऊन फी लागली. एकदा उघडलेलं दार कायम उघडं राहतं, असं नाही. त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळाच प्रयोग झाला. १९६९ साली तिथं मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. आधीचा कागद विचारायचा नाही, घरी बसून शिकायचं, आणि काही धडे चक्क रेडिओ आणि टीव्हीवरून. म्हणजे मैत्रिणींनो, आज तुम्ही भाकरी थापता थापता आम्हाला ऐकता आहात ना, तसंच ऐकून तिथल्या बायकांनी पदवीचा अभ्यास केला.

आपल्या देशात असं पहिलं विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. १९८५ साली दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं. आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ब्रीदवाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, "ज्ञानगंगा घरोघरी". पुस्तकं मराठीत, घरी वाचता येतील अशी लिहिलेली. गावाजवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशी तास. ज्यांची बारावी झाली नव्हती त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. वेळ, भाषा आणि जुना कागद या तीनही अडचणी एकाच ठिकाणी सोडवायचा हा प्रयत्न होता.

आता आपल्या खानदेशाचं बघू. इथली कॉलेजं आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला आपलं विद्यापीठ झालं. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाई १८८० साली आसोद्याला जन्मल्या, लहानपणी लग्न होऊन जळगावला आल्या, १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली. ज्या बाईच्या नावानं आज हजारो मुलांना पदव्या मिळतात, तिला तिच्या काळात कुठल्याच कॉलेजात प्रवेश नव्हता. शहाणपण होतं, कागद नव्हता. आपल्या गटातल्या किती जणींची हीच गत आहे!

आमच्यातल्या काही जणी मुक्त विद्यापीठातूनच बीए झाल्या. ते सोपं नव्हतं. भुसावळचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात ओला रुमाल डोक्याला बांधून पेपर दिले आहेत. वर्गात आमच्या पुढच्या बाकावर रेल्वेत नोकरी करणारे पन्नाशीचे दादा, शेजारी बुरखा घातलेली नवी सून, मागे तांड्यावरून आलेला मुलगा. एरवी आम्ही सगळे एका ओळीत कधी बसलो असतो? कुणी कुणाला हसलं नाही. नोट्स एकमेकांच्या उतरवल्या, डबे वाटून खाल्ले. त्या दादांनी आम्हाला इतिहासातली सालं पाठ करायची युक्ती शिकवली, आम्ही त्यांचे गृहपाठ तपासून दिले.

पण काही जणी मध्येच गळाल्या. एकीची परीक्षा केळीच्या कटाईत सापडली, गाडी भरायची होती, ती गेलीच नाही. एकीच्या घरी भाड्याचे पैसे निघाले नाहीत. एकीला एका दलालानं फसवलं, "न बसता पास करून देतो" म्हणून पैसे घेतले आणि हातात ठेवलेला कागद खोटा निघाला. प्रवेश खुला असतो, पास होणं खुलं नसतं. ते ज्याचं त्याला करावं लागतं.

म्हणून आता आमच्या त्या मैत्रिणीला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तिला हवा आहे बारावीचा कागद. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे, बारावी मागणाऱ्या नोकरीला ती चालत नाही. तेव्हा आधी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी. त्यानंतर पदवी. वर्षं लागतील. नियम बदलत असतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी स्वतः केंद्रावर जाऊन विचारायचं, आणि पैसे भरले की पावती घ्यायची.

आणि गटानं काय करायचं? आम्ही ठरवलं आहे. परीक्षेच्या दिवशी तिचं मजुरीचं काम आपसात वाटून घ्यायचं. फी कमी पडली तर गटातून उसनवार द्यायची, तशी नोंद वहीत करायची. दर गुरुवारी बैठक संपल्यावर अर्धा तास तिच्याजवळ बसायचं. तिच्या सासूबाई आधी म्हणाल्या, "आता शिकून काय करशील?" परवा त्याच विचारत होत्या, "पेपर कधी आहे गं तुझा?"

फुल्यांनी मजुराची वेळ बघून शाळा उघडली. आपल्यातल्या एकीसाठी तेवढी वेळ काढणं आता आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीला येताना घरातली जुनी ट्रंक उघडा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जे काही सापडेल ते घेऊन या. काहीच सापडलं नाही तरी या.