मुंबई बंदरात नावा नांगरण्याचे नियम : रूढी, परवाना आणि हक्काचा प्रश्न

प्रस्तावना

मुंबई बंदराचा इतिहास प्रामुख्याने गोद्यांचा, कापसाच्या व्यापाराचा आणि आगबोटींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. एखादी नाव कोणत्या पाण्यात उभी राहील, किती काळ उभी राहील आणि तिला तेथून हलविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या इतिहासात बहुधा तळटीपेपुरताच येतो. वास्तविक लहान नावेच्या आयुष्यातील बराच काळ प्रवासात न जाता नांगरावर किंवा किनाऱ्यावर जातो. नाखव्याच्या दृष्टीने समुद्रात जाण्याची मुभा जितकी महत्त्वाची, तितकीच परत आल्यावर नाव सुरक्षित ठेवण्याची जागाही महत्त्वाची असते. जाण्याच्या मुभेसंबंधी कायदे झाले, दाखले निघाले, परवाने देण्यात आले. जागेसंबंधी मात्र कायद्याने जे दिले ते परवानगीच्या स्वरूपात दिले, हक्काच्या स्वरूपात क्वचितच. हा फरक कसा निर्माण झाला आणि त्याला कायद्याच्याच पोटात कोणता अपवाद होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरमाराची छावणी

नावा नांगरण्याविषयीचा विचार मराठी राजनीतीत अगदीच नवा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१५-१६ च्या सुमारास) आरमारासंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयाने असलेल्या बंदरात करावी, परंतु ती दरवर्षी एकाच ठिकाणी करू नये, अशी सूचना त्यात आहे. या सूचनेमागील कारण लक्षणीय आहे. शेकडो खलाशी व शिपाई महिनोन्‌महिने एका बंदरात बसून राहिले, तर आसपासच्या रयतेस उपद्रव होतो. म्हणून हा भार बंदराबंदरांत वाटला जावा. गलबतांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, अशीही आज्ञा याच प्रकरणात आहे. दोन्ही आज्ञांमध्ये गलबताच्या सोयीपेक्षा किनाऱ्यावरील माणसाचा विचार प्रथम केलेला दिसतो.

हा विचार केवळ तात्त्विक नव्हता. १६७० च्या दशकात जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईत, माझगावच्या आश्रयाला, येऊ लागले तेव्हा इंग्रजांची मोठी कुचंबणा झाली. सिद्दी मोगलांचा आरमारी सरदार. त्याला नाही म्हणावे तर सुरतेच्या वखारीवर मोगलांची नाराजी ओढवते, आणि हो म्हणावे तर शिवाजी महाराजांशी बिघाड होतो. एका नांगराच्या जागेवरून तीन सत्तांचे राजकारण गुंतलेले होते, आणि त्या गुंत्याची झळ माझगावच्या रहिवाशांना पोहोचत होती. पुढे १६७९ साली महाराजांनी खांदेरी बेट ताब्यात घेतले व १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणे घातले. या दोन्ही हालचालींचा रोख मुंबई बंदराच्या तोंडाकडे होता.

त्यापूर्वी पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला होता. जहाजाचा मालक, माल, मार्ग आणि शस्त्रे यांची त्यात नोंद असे. ज्या जहाजाजवळ हा कागद नसे ते पकडले जाई. परंतु कार्ताझ हा प्रवासाचा परवाना होता. नाव कोठे उभी करावी, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

१८३८ : नावेवर गावाचे नाव

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील लहान नावांना प्रथम व्यवस्थितपणे कायद्याच्या कक्षेत आणले ते १८३८ च्या एकोणिसाव्या अधिनियमाने. किनारी व्यापार करणारी गलबते, मासेमारी नावा आणि बंदरात काम करणाऱ्या होड्या या सर्वांवर नेमून दिलेला क्रमांक आणि ती ज्या ठिकाणची आहे त्या ठिकाणाचे नाव उमटविणे बंधनकारक झाले. नोंदणी आणि दाखला यांची व्यवस्थाही त्याच अधिनियमात होती.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटण्यासारखी आहे. नावेवर गावाचे नाव लिहिण्याची सक्ती करताना कायद्याने हे गृहीत धरले की प्रत्येक नाव कोणत्या तरी गावाची असते. मात्र त्या गावासमोरील पाण्यात तिची हक्काची जागा आहे किंवा नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. नाव ओळखता यावी, जकात चुकवू नये आणि गुन्हा घडल्यास मालक सापडावा, एवढाच त्याचा हेतू दिसतो. तेव्हा किनारा मोकळा होता, खाड्या मोकळ्या होत्या, त्यामुळे जागेचा प्रश्न कोणाला पडला नसावा हे समजण्यासारखे आहे.

बंदरांचा काळ आणि गोद्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत मोठी जहाजे धक्क्याला लागतच नसत. ती खोल पाण्यात नांगर टाकीत आणि त्यांचा माल मचवे, पडाव व होड्यांतून किनाऱ्यावरील निरनिराळ्या बंदरांवर आणला जाई. मुंबईकरांच्या बोलण्यात बंदर हा शब्द संपूर्ण बंदरासाठी जसा येतो तसाच एकेका धक्क्यासाठीही येतो, तो याच काळाचा वारसा होय. कर्नाक बंदर, वाडी बंदर, मशीद बंदर ही नावे आजही रूढ आहेत. यांतील कित्येक धक्के खाजगी भांडवलातून उभे राहिले. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ च्या सुमारास बांधलेल्या धक्क्याचे नाव भाऊचा धक्का म्हणून पुढे अजरामर झाले. मूळ जागा बदलली तरी नाव टिकले.

या व्यवस्थेत लहान नाव हा बंदराचा कणा होता. तिच्याशिवाय एक गासडीही जहाजावर चढत नसे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळातील कापसाची तेजी आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांनी हे चित्र पालटले. १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी अस्तित्वात आली. जहाज थेट धक्क्याला लागू लागले, तेव्हा मचव्यांचे काम घटत गेले आणि जलमार्ग मोकळा ठेवण्याच्या दृष्टीने ते अडथळ्यासारखे दिसू लागले.

भर घालून किनारा पूर्वेकडे सरकत गेला, तशी जुनी कोळी वस्ती पाण्यापासून दूर पडली. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीचे नाके. आज त्या नावाच्या भागातून समुद्र दिसत नाही. खाजगी धक्क्यांच्या मालकांकडे जमिनीचे दस्तऐवज होते, त्यामुळे त्यांच्याशी खरेदीच्या वाटाघाटी होऊ शकत होत्या. त्याच धक्क्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या नाव बांधणाऱ्याकडे दाखविण्यासारखा कागद नव्हता. पाण्याचा सातबारा निघत नाही, ही साधी वस्तुस्थिती येथे निर्णायक ठरली.

बंदर अधिनियम आणि त्याचे बारावे कलम

बंदरांसंबंधी अखिल भारतीय कायदा प्रथम १८५५ मध्ये झाला. त्याची जागा १८७५ आणि १८८९ च्या अधिनियमांनी घेतली आणि अखेरीस १९०८ चा भारतीय बंदर अधिनियम आला. २०२५ मध्ये संसदेने नवा बंदर कायदा करून तो निरस्त करीपर्यंत, म्हणजे तब्बल ११७ वर्षे, देशातील बंदरांचा कारभार त्याच्या चौकटीत चालला.

या अधिनियमाच्या सहाव्या कलमाने शासनाला नियम करण्याचे अधिकार दिले. जहाजांनी कोणत्या जागी उभे राहावे, नांगर कसा टाकावा व उचलावा, धक्क्यांलगत किती रुंदीची वाट मोकळी ठेवावी, भाड्याने चालणाऱ्या तसेच न चालणाऱ्या होड्यांना परवाने कसे द्यावेत, त्यांत किती उतारू व किती माल असावा, हे सर्व त्या एका कलमात आले. अंमलबजावणीसाठी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे बंदराचा संरक्षक अधिकारी, नेमण्याची तरतूद सातव्या कलमात होती. त्याच्या अधिकारांची व्याप्ती नवव्या कलमावरून ध्यानात येते : निकडीच्या प्रसंगी एखादा दोर किंवा साखळदंड दुसऱ्या जहाजाला धोकादायक वाटल्यास तो कापून टाकण्याची मुभा त्याला होती. दहाव्या कलमान्वये तो नौवहनातील अडथळा दूर करू शकत असे व अकराव्यान्वये त्याचा खर्च वसूल करता येई.

अभ्यासकांनी थांबावे असे कलम मात्र बारावे आहे. नौवहनातील एखादा अडथळा जर कायदेशीररीत्या निर्माण झालेला असेल, किंवा दीर्घकाळ अस्तित्वात राहिल्यामुळे कायदेशीर झाला असेल, तर तो परस्पर काढता येत नसे. शासनाला कळवून, त्याची मंजुरी घेऊन आणि ज्याचे नुकसान होईल त्याला वाजवी मोबदला देऊनच तो हटविण्याची तरतूद होती. मोबदल्याबाबत वाद झाल्यास सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या जमिनीच्या वादांना लागू असलेल्या कायद्याप्रमाणे निर्णय व्हावा, असेही तेथे म्हटले होते. वसाहतकालीन कायद्याने पाण्यावरील वहिवाट जमिनीवरील वहिवाटीच्या इतक्या जवळ आणून ठेवावी, ही गोष्ट अनपेक्षित म्हणावी लागेल.

मग या कलमाचा लाभ नावा बांधणाऱ्यांना सहजी का मिळू नये? त्याचे उत्तर नावेच्या स्वभावातच आहे. समुद्रात ठोकलेला खुंटा जागचा हलत नाही. त्याचे वय साक्षीने शाबीत करता येते. नाव सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. पावसाळा तोंडावर आला की ती ओढून किनाऱ्यावर घेतात, शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. कोळी समाजाच्या दृष्टीने ही ये-जा म्हणजेच वहिवाट. कायद्याच्या भाषेत मात्र सातत्य तुटले. ज्या ऋतुचक्रावर हा व्यवसाय उभा आहे, तेच ऋतुचक्र त्याच्या दाव्याच्या विरुद्ध पुरावा ठरण्याचा धोका होता.

न्यायालयीन भूमिकेनेही या बाबतीत दुहेरी परिणाम घडविला. समुद्रातील मासेमारीच्या जागेवरून कोळ्यांच्या दोन पक्षांत निर्माण झालेला एक दावा १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा समाईक आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. हे तत्त्व कोळ्यांना समुद्र खुला ठेवते यात शंका नाही. परंतु जे सर्वांचे आहे त्यातील विशिष्ट तुकडा आपला, असे म्हणण्याची सोय त्यात उरत नाही.

परवान्यांची वाढ, जागेची टंचाई

स्वातंत्र्योत्तर काळात परवान्यांचे जाळे अधिक दाट झाले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ मध्ये आला आणि मासेमारी नौकांना परवाना आवश्यक ठरला. १९९६ मध्ये महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन होऊन लहान बंदरांचा कारभार त्याच्याकडे गेला. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी कफ परेडजवळ मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यानंतर नौकांची नोंदणी कडक झाली, त्यांना ठरावीक रंग देण्यात आले, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली. नाव कोणाची, तिच्यावर कोण आहे आणि ती केव्हा गेली, हे शासनाला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक तपशिलाने कळते.

पण या सर्व तरतुदींचा रोख नाव बाहेर पडते त्या क्षणाकडे आहे. जागेची खरी गरज नेमकी उलट वेळी भासते. जून व जुलै या दोन महिन्यांच्या मासेमारी बंदीत यांत्रिक नौका एकाच वेळी परत येतात आणि ससून गोदी, भाऊचा धक्का व खाड्यांत त्यांची दाटी होते. कापसाच्या निर्यातीसाठी बांधलेली ससून गोदी आज मासळीची गोदी म्हणून ओळखली जाते, हा इतिहासाचा एक गमतीदार फेरा आहे. परंतु तिचे पाणी काही त्यामुळे वाढलेले नाही.

२०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने मच्छीमार गावे, त्यांची सामाईक मालमत्ता, धक्के आणि मासळी वाळविण्याच्या जागा नकाशावर दाखविण्यास सांगितले. या यादीत किनाऱ्यावरील गोष्टींचा भरणा आहे. नावा जेथे नांगरतात त्या पाण्याचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही.

मुंबई किनारी रस्त्याच्या कामात हा प्रश्न वरळी कोळीवाड्यासमोर उभा राहिला. तेथील क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या नावांच्या वाटेवर पुलाचे खांब येत होते. आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मीटर होते. वाऱ्याच्या व भरतीच्या जोरात एवढ्या अंतरातून नाव काढणे धोक्याचे आहे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते आणि त्यांनी अधिक रुंद वाटेची मागणी लावून धरली. आंदोलने झाली, काम अडले, चर्चा झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने सातव्या व नवव्या खांबांमधील आठवा खांब वगळून हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले. हा निर्णय वाटाघाटीतून झाला. वरळीच्या नावांची ती पिढीजात वाट कोणत्याही कायद्याखाली हक्क म्हणून नोंदविली गेली नाही.