गिरगाव ते सॅलफर्ड: माशेलकरांनी नेमकं संशोधन कशावर केलं?

डॉ. रघुनाथ माशेलकर म्हटलं की आपल्याला ठरलेल्या गोष्टी आठवतात. बारा वर्षांचा होईपर्यंत अनवाणी चालणारा गिरगावातला मुलगा, रस्त्यावरच्या दिव्याखाली केलेला अभ्यास, आणि युनियन हायस्कूलच्या भावे सरांनी भिंगाने कागद जाळून दाखवला तो प्रसंग. शाळेच्या बक्षीस समारंभात मीही हे ऐकलंय. मला खटकतं ते एवढंच, की गोष्ट भिंगापाशीच थांबते. पुढे त्या माणसाने प्रयोगशाळेत काय केलं, हे कुणी सांगतच नाही. आजचा भाग त्यावर.

आधी जरा परळ-लालबागला जाऊ. तिथल्या कापड गिरण्यांमध्ये सायझिंग खातं असायचं. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना स्टार्चची कांजी लावायची. ही कांजी अजब असते. भांड्यात घट्ट, पण रोलरखाली दाबली गेली की पातळ होते. पाण्याचं तसं नसतं. हळू ढवळा, जोरात ढवळा, त्याचा पातळपणा तोच. कांजी, टोमॅटो सॉस, रंग, आपलं रक्त, हे सगळे वेगळ्या जातीचे द्रव. वागणं बदलणारे.

अशा गिरण्यांच्या शहरात 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचं यूडीसीटी सुरू झालं, तेही कापडाचं रसायनशास्त्र आणि केमिकल इंजिनीअरिंग घेऊन. दादरच्या पुढे माटुंग्याला आहे ना, आजचं आयसीटी, तेच. माशेलकर तिथून 1966 मध्ये इंजिनीअर झाले आणि 1969 मध्ये प्रा. मनमोहन शर्मांकडे पीएचडी. शर्मा सर 1964 मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हा जेमतेम 27 वर्षांचे होते, आणि थेट प्रोफेसर!

पीएचडीच्या कामात बुडबुडे होते. उभ्या नळीत द्रव भरायचा, खालून वायू सोडायचा. प्रश्न असा, की हजारो बुडबुड्यांचा मिळून पृष्ठभाग किती? मोजणार कसं? शर्मा सरांच्या पद्धतीत हे काम रसायनाकडून करून घेतात. वायूत कार्बन डायऑक्साइड, द्रवात कॉस्टिक सोडा. रासायनिक क्रियेचा वेग माहीत असतो, मग किती वायू शोषला गेला त्यावरून पृष्ठभाग काढता येतो. महागडा कॅमेरा नको, डोकं हवं. मला ही युक्ती भिंगापेक्षा जास्त आवडते, खरं सांगतो.

मग पोस्टडॉकसाठी इंग्लंडमधलं सॅलफर्ड. मँचेस्टरच्या शेजारी, म्हणजे एका गिरणगावातून दुसऱ्या गिरणगावात! तिथे बुडबुडे मागे पडले आणि प्रा. उल्ब्रेख्ट यांच्याबरोबर या विचित्र द्रवांचं काम सुरू झालं. द्रवात काही फिरवलं की काय होतं, हा विषय.

घरी करून बघा. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग ढवळा. पाणी असतं तर मध्ये खळगा पडला असता. हा उलटा दांड्यावर चढतो. आत लांबलचक रेणू असतात, ते ताणलेल्या रबरासारखे आत ओढतात.

असल्या द्रवाला बाजारातलं साधं मापयंत्र पुरत नाही. ते एक आकडा देतं, आणि इथे वेग बदलला की आकडा बदलतो. म्हणून मांडणी हवी तशी उभी करावी लागते. टाकीत द्रव, त्यात फिरणारी तबकडी, वर मोटर, आणि तबकडी फिरवायला किती जोर लागतो हे मोजायची सोय. पाण्यात लांब रेणूंचं पॉलिमर अगदी चिमूटभर, दहा लाख भागांत काही भाग, टाकलं की खळबळत्या प्रवाहात घर्षण धाडकन कमी होतं. नळीतला हा परिणाम टॉम्स यांनी 1940च्या दशकात दाखवला होता. फिरत्या तबकडीभोवती तो कसा दिसतो, यावर माशेलकर आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला शोधनिबंध लिहिले.

हा काही नुसता कागदी खेळ नव्हता बरं का. 1979 मध्ये अलास्काच्या तेलवाहिनीत असंच पॉलिमर मिसळायला लागले. तीच वाहिनी, तेल जास्त.

माशेलकर तोवर परत आले होते. 1976 मध्ये ते पुण्याच्या एनसीएलमध्ये रुजू झाले, आणि तिथेही त्यांचा विषय पॉलिमरच राहिला.