बॅरन बेट : ज्वालामुखी झोपला होता की पाहणारे?

१/
पोर्ट ब्लेअरच्या (आताचे श्री विजयपुरम) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर, अंदमान समुद्रात, एक निर्मनुष्य बेट आहे. नाव बॅरन, म्हणजे वैराण. भारताच्या भूमीवरील हा एकमेव जागृत ज्वालामुखी. मात्र 'जागृत' हे विशेषण त्याला सदैव लाभले नाही. त्याची कथा ही एका निष्कर्षाच्या चुकण्याचीही कथा आहे.

२/
समुद्रातून दिसते ते केवळ शिखर. बेटाची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर. परंतु सागरतळापासून मोजल्यास हा पर्वत दोन हजार मीटरांहून अधिक उंच भरतो. वरच्या भागात सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा, म्हणजे जुना माथा खचून झालेले विशाल कुंड आहे. त्याच्या मधोमध राखेचा व खंगरांचा शंकू उभा आहे. कुंडाची भिंत पश्चिमेकडे फुटलेली असल्याने लाव्हा त्या वाटेने समुद्रास मिळतो.

३/
महाराष्ट्राचे पठारही लाव्ह्याचेच. तथापि दोहोंची जन्मकथा निराळी आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरांवर थर ओतला गेला. बॅरनचे मूळ भूपट्टांच्या टकरीत आहे. येथे भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकतो. खोल जाताना त्यातील पाणी बाहेर पडते, त्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. सुमात्रा-जावाचे ज्वालामुखी याच प्रक्रियेची अपत्ये होत.

४/
पहिली लेखी नोंद १७८७ ची. दोन वर्षांनी लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर या सर्वेक्षकाने, ज्याच्या नावावरून पोर्ट ब्लेअर हे नाव पडले, उद्रेक चालू असताना बेट पाहिले. विवरातून धूर आणि तापून लाल झालेल्या शिळा उसळत होत्या. नोव्हेंबर १८०३ मध्ये सागरी मार्गांचा नामांकित जाणकार जेम्स हॉर्सबर्ग याने दर दहा मिनिटांनी स्फोट होत असल्याचे नोंदवले.

५/
पुढे धग ओसरत गेली. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एफ. आर. मॅलेट बेटावर उतरले. बरोबर आलेल्या कॅप्टन हॉबडे यांनी नकाशा आखला. मॅलेट यांचा सविस्तर ग्रंथ पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. किनाऱ्यालगत एक उष्ण झरा होता. पूर्वीच्या प्रवाशांना त्याचे पाणी पोळत असे. मॅलेट यांच्या वेळी ते पुष्कळ निवले होते.

६/
निवलेला झरा, धुराची एखादी रेघ, दशकानुदशके उद्रेक नाही. एवढ्यावरून बॅरन निद्रिस्तांच्या यादीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर शेळ्याही सोडण्यात आल्या, त्यांचा रानटी वंश पुढे तेथेच वाढला.

७/
मार्च १९९१ मध्ये ही निद्रा मोडली. उद्रेक सुमारे सहा महिने चालला. लाव्हा फुटक्या भिंतीतून समुद्रापर्यंत गेला, राखेने वनस्पती होरपळल्या, पक्ष्यांची संख्या घटली. शेळ्या मात्र तगल्या. १९९४-९५ मध्ये पुन्हा उद्रेक झाला.

८/
मे २००५ मध्ये ज्वालामुखी पुनश्च जागा झाला, डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर पाच महिन्यांनी. दोन्ही घटना एकाच भूपट्ट-सीमेवरील असल्याने संबंधाची चर्चा होणे स्वाभाविक होते. परंतु एकामागून एक घडणे म्हणजे एकामुळे दुसरे घडणे नव्हे. १९९१ च्या उद्रेकास अशा महाभूकंपाची गरज लागली नव्हती.

९/
२३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक 'सिंधू संकल्प' या नौकेवरून बेटानजीक गाळाचे नमुने घेत होते. दुपारी अकस्मात राख उसळू लागली. नौका सुमारे एक मैल दूर नेऊन निरीक्षण सुरू झाले. पाच-दहा मिनिटांचे लहान उद्रेक होत होते. दिवसा केवळ राखेचे ढग दिसत. सूर्यास्तानंतर लाव्ह्याची लाल कारंजी दिसू लागली. तेच उद्रेक, फरक प्रकाशाचा.

१०/
या निरीक्षणात साऱ्या इतिहासाची मेख आहे. ब्लेअर व हॉर्सबर्ग तेथून गेले म्हणून त्यांच्या काळातील उद्रेक इतिहासात आले. निर्मनुष्य बेटावरचे लहानसे स्फोट, जवळून जहाज गेले नाही तर, कोणाच्याही दप्तरात जात नाहीत. एकोणिसाव्या शतकापासून १९९१ पर्यंतच्या शांततेत ज्वालामुखीचे मौन किती आणि नोंदींचे किती, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो.

११/
माणसांची दप्तरे अडीचशे वर्षांचीही नाहीत. समुद्रतळाचे दप्तर त्याहून फार जुने आहे. बेटाच्या परिसरातून काढलेल्या गाळाच्या स्तंभात सुमारे ७० हजार वर्षांच्या काळातील राखेचे थर सापडले आहेत. एवढ्या आयुष्यात दीड शतकाचा खंड म्हणजे डुलकीसुद्धा नव्हे.

१२/
आता उपग्रह बेटाची उष्णता टिपतात आणि विमानांसाठी राखेचे इशारे ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या केंद्रातून निघतात. वस्ती नसल्याने येथे जीवितहानीचा धोका अल्प. पण शेकडो वर्षे शांत राहिलेल्या इतर ज्वालामुखींच्या पायथ्याशी गावे वसलेली असतात. तेथे 'मृत' हा शब्द उच्चारण्यापूर्वी बॅरनचा दाखला आठवावा : शांततेचा काळ मोजताना पाहणारे कोणी होते का, हेही मोजावे लागते.