दर्यावरचा अपघात आणि खलाशाचा हक्क

वाचकहो, सूस गावातून डोंगर दिसतात, दर्या दिसत नाही. तरीही दर्याची ही हकिगत आपण ऐकावी. सह्याद्रीपलीकडे, रत्नागिरी व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत, आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल जहाजावरच्या पगारावर पेटली. सारंग, टंडेल, सुकाणी, आगवाला ही नावे तेथे घरोघरी परिचित आहेत.

आगबोटीवर कोणी वाफेने भाजे, कोणी मालाच्या खणात कोसळे. भरपाई मागितली, तर मालकांच्या सबबी तयार असत : ‘चूक तुझ्या सोबत्याची, आमची नव्हे’; ‘धोका ठाऊक असूनच तू नोकरी पत्करलीस.’ इंग्लंडच्या न्यायालयांनी १८३७ पासून अशा सबबी उचलून धरल्या होत्या.

आपल्याकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. मध्यवर्ती कायदेमंडळात त्या काळी कामगारांची बाजू मांडणारे ना. म. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, आणि पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. या कायद्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची अट काढली; कामामुळे आणि काम करताना इजा झाली, एवढे पुरे झाले. मालकाकडे मोजक्याच सबबी उरल्या : नशा, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडणे, संरक्षक साधन मुद्दाम काढणे. पुढच्या दुरुस्तीने मृत्यूच्या प्रकरणात त्याही चालेनाशा झाल्या. १९३८ च्या कायद्याने ‘सोबत्याची चूक’ ही सबबही बोथट केली; इंग्लंडला त्यासाठी १९४८ उजाडले.

खलाशांसाठी कायद्यात स्वतंत्र कलम होते. अपघात व अपंगत्व दोन्ही जहाजावरच घडले, तर नोटीस देण्याची गरज नव्हती. मृत्यूची भरपाई वारसाच्या हाती परस्पर थोडी रक्कम ठेवून मिटवता येत नसे. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागे. मात्र जहाज सर्वांसह बुडाले, तर अठरा महिन्यांत दावा करणे भाग होते.

पालकहो, येथे थोडे थांबा. ज्या विधवेला अंगठ्यापलीकडे सही ठाऊक नाही, तिला ही मुदत कोण सांगणार? जहाजाच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे कोण वाचणार?

भरपाईचे हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले आहे. परंतु हक्क कागदावर असतो आणि कागद वाचणाऱ्यालाच तो मिळतो. वाचनाचा हुकूम तर आपल्या दीनचा पहिलाच हुकूम आहे. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाल तेव्हा वडिलांच्या नोकरीचे कागद एकदा त्यांच्याबरोबर बसून वाचा.